डेबियनच्या सोर्स पॅकेजला स्वतःचा पॅच: फझ आडवा आला तेव्हा

पीडीएफ व्ह्यूअर एका प्रकारच्या फाइलवर हमखास कोसळायचा. मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली होती, पण डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीत ती यायची चिन्हं नव्हती. म्हणून सोर्स पॅकेज (प्रोग्रामचा मूळ कोड) उतरवलं, बिल्डला, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवायला, लागणारी पॅकेजेस बसवली, त्या दुरुस्तीचा पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) ‘डेबियन/पॅचेस’मध्ये ठेवला आणि पॅचेसची यादी असलेल्या ‘सिरीज’ फाइलच्या शेवटी त्याचं नाव लिहिलं.

बिल्ड सुरू होताच थांबलं. गंमत म्हणजे तोच पॅच नुसत्या ‘पॅच’ कमांडने बिनबोभाट लागत होता. झालं असं, की बदलाच्या आजूबाजूच्या ओळी जुन्या कोडशी तंतोतंत जुळत नव्हत्या. ‘पॅच’ कमांड अशा 2 ओळींपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यालाच फझ म्हणतात. सोर्स पॅकेज हाताळणारं डेबियनचं ‘डीपीकेजी-सोर्स’ मात्र शून्य फझवर अडून बसतं. मला हा हट्ट पटतो. अंदाजाने लागलेला पॅच भलत्याच फंक्शनमध्ये घुसू शकतो.

उपाय ‘क्विल्ट’ या पॅचेस सांभाळणाऱ्या साधनात आहे. त्याला पॅचेसचा फोल्डर दाखवला, ‘क्विल्ट पुश’ने पॅच लावला, बदल योग्य जागी पडलाय हे डोळ्यांनी तपासलं आणि ‘क्विल्ट रिफ्रेश’ केलं. त्याने पॅच समोरच्या कोडनुसार नव्याने लिहिला जातो. मग बिल्ड सुरळीत पार पडलं.

चेंजलॉगमध्ये (पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत) आवृत्तीला ‘लोकल1’ अशी शेपटी जोडा, नाहीतर आपलं पॅकेज कुठलं तेच कळत नाही. पुढचं सुरक्षा अपडेट आपल्या पॅकेजच्या जागी बसणारच. पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखणारा ‘होल्ड’ लावून ते अडवण्यापेक्षा नव्या सोर्सवर पॅच पुन्हा चढवलेला बरा.