बर्फ गेला, आता आवराआवर

थंड देशातला पहिला हिवाळा पार पडला की नवीन आलेल्या मंडळींना वाटतं, सुटलो एकदाचे. जाड जॅकेटं कपाटात जातात, खिडक्या उघडतात, आणि घर पुसून, गाडी धुऊन चकचकीत केली की वसंतातली साफसफाई आटोपली असं सगळे धरून चालतात. मी म्हणेन, चकाकी सगळ्यात शेवटी बघा, राहिली तरी बिघडत नाही. हिवाळ्याची घाण डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी बसलेली असते. आधी तिथे हात घाला.

सुरुवात गाडीपासून करा, कारण तिथे उशीर महाग पडतो. रस्ता निसरडा होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने त्यावर मीठ टाकलेलं असतं. खारट पाणी शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेच पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं. कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो, ऊब आणि ओल एकत्र आली की तो वेग घेतो. त्यामुळे ‘पावसाने धुऊन निघेल’ म्हणून थांबू नका. काही ठिकाणी मिठात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतली ओल शोषून घेतं, म्हणजे वाळायचं नावच नाही. वरून फेस मारणारं वॉश नको, खालून पाण्याचा जोरदार फवारा देणारं घ्या. चाकांच्या कमानींच्या आतली कड, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, हे सगळं नीट धुतलं गेलं पाहिजे. दारांच्या तळाशी पाणी निचरायला बारीक भोकं असतात, ती लाकडी काडीने मोकळी करा. बॉनेट उघडून पुढच्या काचेच्या पायथ्याशी अडकलेला पाचोळा काढा, कारण गाडीच्या आतली हवा तिथूनच ओढली जाते. केबिनचा एअर फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. मॅन्युअल बघून तो घरीच बदलता येतो, त्याची मजुरी देणं मला तरी पटत नाही.

आतल्या कार्पेटवर मिठाचे पांढरे डाग पडले असतील, तर कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्मं घेऊन हलकेच शिंपडा, ब्रशने चोळा आणि सुक्या फडक्याने टिपून घ्या. भिजवू मात्र नका. खालचा फोम ओला राहिला की कुबट वास महिनाभर पाठ सोडत नाही.

टायर बदलायची घाई पहिल्या उन्हाला करू नका. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. साधारण 7 अंश सेल्सियसच्या वर ते भराभर झिजतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं. म्हणून सकाळचं तापमान सातत्याने 7 च्या वर राहू लागलं की बदला. उतरवलेल्या प्रत्येक टायरवर खडूने ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं लिहून ठेवा. हवेचा दाबही तपासा, कारण तापमान 5-6 अंशांनी बदललं की तो साधारण 1 पीएसआयने बदलतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाब.

आता घर. पहिली सूचना अशी, की बादली ओतून बाथरूम धुवायची हौस इथे विसरा. बहुतेक घरांत टबाबाहेर जमिनीला निचऱ्याची सोयच नसते आणि फरशीखाली लाकूड असतं. पाणी मुरतं ते थेट खालच्या मजल्यावरच्यांच्या छतात, आणि मग भरपाईचं पत्र येतं. घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

कपडे वाळवायच्या ड्रायरची जाळी तर दर वेळी झाडायचीच, पण तिच्यापुढे भिंतीतून बाहेर जाणारी नळी असते, तिकडे कोणी बघत नाही. तिच्यात साचलेला कापसासारखा धागा पेट घेऊ शकतो. वर्षातून एकदा ती नळी सोडवून साफ करा, भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवा. हीटिंगचा फिल्टर बदला. चुलीवरच्या एक्झॉस्टची जाळी काढून गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि खायचा सोडा यांत भिजत टाका, हिवाळाभराच्या फोडण्या तिच्यात बसलेल्या असतात. आणि धुराच्या अलार्मबद्दल थोडं रागावूनच सांगतो. फोडणी दिली की तो बोंबलतो, म्हणून बॅटरी काढून ठेवलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत. कढई तापत ठेवण्याआधी एक्झॉस्ट लावा, पण बॅटरीला हात लावू नका. अलार्मच्या मागे तारीख छापलेली असते. 10 वर्षं झाली असतील तर अख्खा अलार्मच बदला.

खिडक्यांच्या कडांना आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटांमागे काळी बुरशी आली आहे का तेही बघा. घरातली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली ठेवली आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तर ती सहसा परत येत नाही. बुरशी घालवताना ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

उरलं खाणं. गाडीच्या सीटखालून निघालेली वेष्टनं टाकण्याआधी एका पिशवीत जमवून बघा. हिवाळ्यात आपण काय खाल्लं याचा इतका प्रामाणिक हिशेब दुसरीकडे मिळणार नाही. इथेही खरी अडचण न दिसणारीच आहे. ब्रेड, डब्यातलं सूप, तयार सॉस, न्याहारीची सिरियल्स, यांतलं मीठ आणि साखर जिभेला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतकंच मीठ पुरतं. लेबलवर ‘सोडियम’ लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, मग मिठाचा अंदाज येतो. साखरेचे 4 ग्रॅम म्हणजे एक चमचा. बहुतेक देशांत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिली तीन नावं वाचलीत तरी पुष्कळ झालं. आणि ‘एका वाढणीत इतके’ हा आकडा बघताना ती वाढणी केवढी धरली आहे तेही बघा, पुष्कळदा अर्ध्या पाकिटालाच ती वाढणी म्हणतात.

थंडीत ताजी भाजी महाग आणि मरगळलेली मिळते, म्हणून भाजीच कमी होते. फ्रोझन भाजी कमी प्रतीची हा समज सोडून द्या. ती काढणीनंतर लगेच गोठवलेली असते आणि पोषणात सहसा मागे पडत नाही. फक्त मीठ-सॉस घातलेलं पाकीट टाळा. फळं-भाज्या मिळून दिवसाला 400 ग्रॅम पोटात गेल्या पाहिजेत. अर्धं ताट भाजीचं ठेवलंत तर वजनकाटा लागणार नाही.

एक तपासणी मात्र कराच. आपल्याकडच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 23 पासूनच सावध व्हावं असं सुचवलं होतं. त्यात सावळ्या कातडीला ‘ड’ जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं, आणि हिवाळ्यात ते मिळत नाही. गोळ्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून साखर आणि ‘ड’ दोन्ही तपासून घ्या. फॅमिली डॉक्टरकडे अजून नाव नोंदवलं नसेल तर गाडी धुवायच्या आधी ते करा, कारण पुष्कळ ठिकाणी त्यासाठी रांग लांब असते.