जुनं शिलाई मशीन हाती आलं की या चुका टाळा

माळ्यावरचं पायाचं मशीन खाली उतरतं किंवा जुन्या बाजारात सोनेरी नक्षीचं काळं सिंगर नजरेत भरतं, आणि घरी आणल्याच्या दिवशीच स्क्रू ड्रायव्हर बाहेर निघतो. पन्नास-साठ वर्षं धड राहिलेलं मशीन मग आठवड्याभरात निकामी होतं. ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि पोलादी दांडे यांना वयाने फारसं काही होत नाही. बहुतेक जुनी मशीन बिघडतात ती दुरुस्तीने.

खोबरेल तेल

आपल्याकडची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. मशीन जड चाललं की हाताशी असलेली खोबरेलाची बाटली उघडायची. त्या दिवशी मशीन हलकं चालतं, म्हणून सवय लागते. पण खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. शिवाय जुनं झालं की चिकट होऊन कपड्याचे तंतू आणि धूळ धरून ठेवतं. करडई आणि सूर्यफूल तेल त्याहून वाईट, कारण ते हवेत वाळून वार्निशसारखा तपकिरी थर धरतं. पावसाळाभर बंद राहिलेलं असं मशीन दिवाळीत काढलं की चाक जागचं हलत नाही, आणि घरातले ठरवून टाकतात, 'मशीन गेलं'.

मशीन गेलेलं नसतं, तेल वाळलेलं असतं. सुई, प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय), बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) आणि सुईची प्लेट काढा. कापड सरकवणाऱ्या दात्यांमधला नमद्यासारखा दाबून बसलेला कचरा टूथब्रशने आणि दाभणाने उकरून काढा. नंतर मशीन मागे कलंडवा. वरचं प्रत्येक तेलाचं भोक, खालचा प्रत्येक सांधा, जिथे जिथे धातूवर धातू घासतो तिथे रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. मोटर असेल तर ती आधी काढून बाजूला ठेवा. सकाळी चाक हळूहळू पुढे-मागे डोलवा. पूर्ण फेरा मारायची घाई नको, अर्धा इंच हललं तरी पुरे. सांध्यांतून काळपट तपकिरी मळ ओघळू लागेल. तो पुसा, परत रॉकेल, परत डोलवा. एखादा सांधा हट्टाने अडलाच, तर रॉकेल पूर्ण पुसून, उडून गेल्यावर हेअर ड्रायरने तो सांधा चार-पाच मिनिटं गरम करा, ड्रायर बंद करून बाजूला ठेवा आणि मगच पुन्हा थेंब सोडा. रॉकेल आणि चालू ड्रायर एकत्र कधीही नको.

चाक मोकळं फिरलं की काम संपलं असं समजून लोक थांबतात. रॉकेल मळ सोडवतं, वंगण देत नाही. ते सुकल्यावर कोरड्या धातूवर धातू घासतो. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचंही तेच. शेवटी प्रत्येक जागी शिलाई मशीनचं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेल, एकेक थेंब. नंतर चिंधीवर दोन-चार शिलाया मारा, म्हणजे जास्तीचं तेल नव्या कापडावर उतरणार नाही. दिवसभर शिवणाऱ्या माणसाने रोज तेल द्यावं. क्वचित वापरणाऱ्याने मशीन काढताना आणि ठेवताना द्यावं.

अडलेल्या चाकाला पान्हा

लावू नका. चाक अचानक अडलं असेल, म्हणजे काल चालत होतं आणि आज नाही, तर तेलाचा संशय घेण्याआधी शटलची, म्हणजे सुईचा दोरा पकडणाऱ्या भागाची, जागा उघडा. 15 वर्गाच्या मशीनमध्ये (सिंगर 15के आणि त्या धर्तीची बरीच भारतीय काळी मशीन) डाव्या टोकाशी शटल पुढे-मागे झुलतं. त्याच्या आणि रेसच्या (ते ज्या वर्तुळाकार खाचेत झुलतं तिच्या) मधे दोऱ्याचा एवढासा तुकडा शिरला तरी अख्खं मशीन जाम होतं. सुई सगळ्यात वर घ्या, बॉबिन केस काढा, रेसची कडी सोडवा. काही मशीनमध्ये ती दोन कळांनी धरलेली असते, काहींत स्क्रूने. शटल बाहेर घ्या, आतली वर्तुळाकार खाच कापडाने पुसा. दोऱ्याचं टोक बहुतेक वेळा तिथेच सापडतं. बसवताना खाचेत तेलाचा एक थेंब द्या. पान्ह्याने चाक पिळलं असतं तर शटलचं टोक बोथट झालं असतं, आणि बोथट टोक पुढे आयुष्यभर टाके सोडतं.

दोष कुठे, स्क्रू कुठला

खाली दोऱ्याचा गुंता होतो, ही जुन्या मशीनची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. त्यावर होणारा इलाज म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

एका घरातल्या 15 वर्गाच्या पायाच्या मशीनची गोष्ट नमुना म्हणून पुरेशी आहे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसत होते. खाली दिसतात म्हणून आधी बॉबिन केसचा स्क्रू आवळला गेला. फासे वाढले. मग तो सैल केला, इतका की स्क्रू गळून हरवला. दुसरा मिळाला तो जरा लांब, आणि त्याचं टोक आत दोऱ्याला घासू लागलं. आता दोरा तुटायला लागला. तेव्हा कोणीतरी 'टायमिंग गेलंय', म्हणजे सुई आणि शटलचा मेळ बिघडलाय, असं सांगून सुईच्या दांड्याचा स्क्रू सैल करून दांडा खाली सरकवला. त्यानंतर मशीन टाकाच धरेना. हे सगळं निस्तरून मूळ तक्रारीपर्यंत पोचल्यावर कारण निघालं ते असं: दोरा ओवताना प्रेशर फूट खाली टेकवलेलं असायचं.

प्रेशर फूट खाली असलं की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन तबकड्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे न जाता कडेवरून जातो, त्यामुळे वरच्या दोऱ्याला ताणच लागत नाही आणि तो सगळा खाली ओढला जातो. खालचे फासे वरच्या दोऱ्याचे असतात, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी दुरुस्ती टळते. उपाय एका ओळीचा: प्रेशर फूट वर, सुई सर्वात वर, मग ओवा. फूट खाली घेऊन दोरा ओढून बघा. तो जड यायला हवा, फूट वर केल्यावर हलका.

एवढ्याने भागलं नाही तर माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी बदलत नाही. आधी नवी सुई. मग ओवणं पहिल्यापासून. मग टेन्शनच्या तबकड्यांमधून स्वच्छ सुती कापडाची पट्टी फिरवून आतला कचरा काढणं. मग वरच्या टेन्शनचा आकडा. बॉबिन केसचा स्क्रू सगळ्यात शेवटी आणि तोही एका वेळी आठवा हिस्सा फेरा, जास्त नाही. पारख सोपी आहे: भरलेली बॉबिन केस दोऱ्याने लटकवली की ती अधांतरी राहावी आणि मनगटाला हलका झटका दिला की थोडीशी खाली सरकावी. चाचणीसाठी वर लाल, खाली पांढरा असे एकाच जाडीचे दोरे घ्या आणि सुती कापडाच्या दोन पदरांवर शिवा, म्हणजे कोणता दोरा कोणाला ओढतोय ते दिसतं.

टायमिंगबद्दल एकच सांगतो. या मशीनमध्ये ते आपोआप सहसा सरकत नाही. सुई जोरात कुठे आदळली तर दांडा क्लॅम्पमधून वर सरकू शकतो, तेवढंच. तसं काही घडलं नसेल तर त्या स्क्रूला हात लावण्याचं कारण नाही.

सुई

'बसली म्हणजे झालं' हे सुईच्या बाबतीत चालत नाही. घरगुती मशीनची सुई म्हणजे एचए×1, हीच 15×1 आणि 130/705एच या नावांनीही मिळते. तिच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. डीबी×1 ही कारखान्याच्या मशीनची सुई, तिचा दांडा गोल आणि बारीक. ती घरगुती क्लॅम्पमध्ये आवळली जाते, पण जागेवर राहत नाही आणि शटल तिचा दोरा पकडत नाही. उलट सिंगर 31के सारखी टेलरची मशीन गोल दांड्याच्या सुईवरच चालतात. 206के आणि 306के यांना 206×13 लागते. मशीनचा नंबर वाचून सुई घ्या.

दिशेचा नियम: दोरा लांब खाचेच्या बाजूने आत, चपट्या बाजूने बाहेर, आणि चपटी बाजू शटलकडे. 15 वर्गात म्हणजे चपटी बाजू डावीकडे आणि ओवणं उजवीकडून डावीकडे. साध्या सुती कापडाला 14 नंबर, जाड कापडाला 16, जीन्सला 18. वाकलेली सुई सरळ करून परत लावणं ही काटकसर नव्हे. दहा-वीस रुपयांच्या सुईसाठी शटलवर ओरखडा कशाला?

सोनेरी नक्षीवर स्पिरिट

काळ्या रंगावर नक्षी आणि नक्षीवर लाखेचा पारदर्शक थर असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा थिनरचा बोळा फिरवला की काळा मळ निघतोय असं वाटतं, पण निघत असते ती लाख आणि तिच्यामागोमाग सोनं. काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रवानेही तेच होतं. लाखेला तडे गेले असतील तर साबणाचं पाणीसुद्धा आत शिरून सोनेरी रंग रुपेरी करतं. शिलाई मशीनचं तेल कापसावर घ्या, छोट्या भागावर गोल फिरवा, मऊ कापडाने टिपा. नक्षीवर जोर देऊ नका. चार संध्याकाळी लागल्या तर लागू द्या. सँडपेपर मारून, नवा काळा स्प्रे देऊन स्टिकर चिकटवलेलं मशीन मला बघवत नाही. गेलेली मूळ नक्षी परत आणता येत नाही.

'1851 सालचं मशीन'

बिल्ल्यावर 1851–1951 असं छापलेलं असतं आणि विकणारा पहिला आकडा सांगतो. तो सिंगरच्या शताब्दीचा बिल्ला आहे, मशीन 1951 च्या आसपासचं. खरं वय उजव्या बाजूला बैठकीवर कोरलेल्या नंबरातून काढतात. 1900 पासूनच्या सिंगरच्या नंबराआधी इंग्रजी अक्षरं असतात. मॉडेलमधला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचं. तो 1885 ते 1980 चालला आणि एकट्या 1913 मध्ये तिथून दहा लाखांहून जास्त मशीन बाहेर पडली. म्हणजे जुनं असलं तरी दुर्मीळ असेलच असं नाही. 'आत रेड मर्क्युरी (अफवांमधला महागडा पदार्थ) आहे' असं सांगणाऱ्याशी बोलणंच थांबवा. 2009 मध्ये सौदी अरेबियात याच अफवेने भाव भडकले होते. आत लोखंड आणि तेल यांखेरीज काही नसतं.

थोडक्यात उरलेल्या

बॉबिन अंदाजाने घेऊ नका. 15 वर्गाची दोन्ही बाजूंनी सपाट, सिंगर 66 आणि 201 या मॉडेलांची किंचित फुगीर, 221 ची तिची वेगळीच, 27 आणि 28 ची लांबट.

चाक आपल्याकडेच फिरवायचं. पायडल उलट गेलं की गुंता ठरलेला. नवशिक्याने आधी दोरा न घालता पायडलचा सराव करावा. हा सराव कोणालाच नको असतो.

चामड्याचा पट्टा चाकावरून घसरणार नाही इतकाच घट्ट असावा. फार ताणला तर मशीन जड चालतं आणि दोष तेलाला दिला जातो.

चाकाच्या मधली कळ काढली तर आतली वॉशर कोणत्या बाजूने होती त्याची खूण करून ठेवा. ती उलटी बसली की बॉबिन भरताना सुई थांबत नाही.

जुने स्क्रू खाचेत नेमक्या बसणाऱ्या पात्यानेच उघडा. आदल्या रात्री तेलाचा थेंब सोडलेला असावा.

मोटर

अमेरिकेतून कोणी सिंगर 221 आणलं तर प्लगचा अडॅप्टर लावून सुरू करू नका. तिकडची मोटर 110 व्होल्टची, आपल्याकडे 230 व्होल्ट. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. मोटरची पाटी वाचा आणि तिच्या वॅटपेक्षा मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. मशीन कुठलंही असो, जुनी रबरी वायर बोटांनी वाकवून बघा. तडा गेला किंवा भुकटी पडली, तर पूर्ण वायर बदलल्याशिवाय प्लग लावायचा नाही. टेप गुंडाळून भागवू नका, कारण तुटकं आवरण बहुतेकदा मोटरच्या आतपर्यंत गेलेलं असतं. पायाच्या रेग्युलेटरची वायरही याच वेळी तपासा, ती जमिनीवर घासून सगळ्यात आधी जाते.