साथ येण्याआधी गावाची वही करून ठेवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी १४ वर्षं आशा सेविका आहे. फ्लूची मोठी साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण पहिल्या आठवड्यात कोणाच्या दारात आधी जायचं हे आजच ठरवता येतं. त्यासाठी दोनशे पानी वही लागते.

दर घराला एक पान. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं लेकरू, म्हातारी माणसं, दमा, शुगर, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, यांच्या नावापुढे लाल खूण. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजारवाल्यांना विसरू नका. आणि एकटं राहणाऱ्यांना निळी खूण करा. १९१८ च्या साथीची मोठी लाट आपल्या वऱ्हाडात पावसाळा सरता सरता आली. त्या साली पावसानं दगा दिला होता, घरात दाणा नव्हता, आणि अख्खं घर एकदम आडवं पडलं की पाणी द्यायलाही कोणी उरत नव्हतं. म्हणून निळ्या खुणेच्या घरी पेज-पाणी कोण पोचवेल, त्या शेजारणीचं नाव तिला विचारून आत्ताच लिहा.

ताप, खोकला, अंगदुखी एवढंच असेल तर घरीच, वेगळ्या खाटेवर, खिडकी उघडी. भरपूर पाणी, पॅरासिटामॉल. लेकरांना ॲस्पिरिन कधीच नाही. लाल खुणेच्या माणसाला मात्र त्याच दिवशी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. फ्लूवरची ऑसेल्टामिव्हिरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त गुण येतो. आमच्या गल्लीतल्या एका बुढीला घरचे म्हणत राहिले, "काई नाई, वारं लागलं." तीन दिवस सलाईन आणि सुया झाल्या, चौथ्या दिवशी तिला धाप लागली. ती वाचली, पण ते तीन दिवस मला अजून टोचतात.

धाप ओळखायला श्वास मोजायला शिका. मोजतेय असं सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. मी नाडी बघितल्यासारखं मनगट धरते आणि नजर छातीवर ठेवते. छाती वर आली की एक. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. मोठ्या माणसाचे ३० च्या वर गेले तर १०८ लावा. लेकरू आईच्या मांडीवर शांत असताना मोजा, रडताना नाही: दोन महिने ते एक वर्षाचं असेल तर ५०, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४०, त्याला किंवा त्याच्या वर धोका. ओठ निळसर, छातीत दुखणं, बडबड, लेकरू दूध पीत नाही, यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, लगेच १०८ लावा.

एका गल्लीत आठवड्यात तीन-चार घरी ताप दिसला की सिस्टरला त्याच दिवशी कळवा. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर हात लावू नका, कापूही नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरजवळ गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं गेले, तो फार लांब नाही आपल्यापासून.

कोरोनातलं ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल. सेल आत ठेवले तर गळून मशीन खराब होतं. मी काढून डबीत ठेवते आणि दर महिन्याच्या एक तारखेला घालून माझ्याच बोटाला लावून बघते.