टेस्ट बेंचवरील काउंटर आणि क्लॉक: नव्या अभियंत्यांसाठी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत टेस्ट बेंचवर रुजू होणारे नवे अभियंते तापमान, दाब, व्होल्टेज यांची मोजमापे लवकर शिकतात. ते अडतात काउंटरपाशी, म्हणजे सेन्सरकडून येणारे विद्युत पल्स मोजणाऱ्या भागापाशी, कारण तिथे प्रत्यक्षात काळ मोजायचा असतो आणि तो कोणत्या क्लॉकने (ठरावीक गतीने पल्स देणाऱ्या घड्याळाने) मोजायचा हे प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागते.

शाफ्टवर 60 दात्यांचे चाक आणि त्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर (दाता समोरून गेला की एक पल्स देणारा) ही मांडणी सोयीची आहे, कारण सेन्सरचे हर्ट्झ (सेकंदाला पल्स) आणि शाफ्टचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) यांचा आकडा एकच येतो. समजा, शाफ्ट 600 आरपीएमने फिरतो आहे. 0.1 सेकंदात आलेल्या पल्स मोजल्या तर 60 पल्स मिळतात, आणि एका पल्सच्या फरकाने वेग थेट 10 आरपीएमने बदलतो. त्याऐवजी लागोपाठच्या दोन पल्समधला काळ संगणकाला जोडलेल्या मोजमाप-कार्डावरच्या 80 मेगाहर्ट्झच्या टाइमबेसने (अंतर्गत क्लॉकने) मोजला, तर त्या क्लॉकचे सुमारे 1,33,333 ठोके, म्हणजे टिक, भरतात आणि एका टिकची चूक 0.005 आरपीएमच्याही आत राहते. कमी वेगाला ही दुसरी पद्धतच योग्य, असे माझे ठाम मत आहे. मात्र दाते अगदी समान अंतरावर कापलेले नसतात, त्यामुळे वाचन दात्यागणिक हलते. अशा वेळी टाइमबेसला दोष न देता पूर्ण फेरीतल्या 60 अवधींची बेरीज करून वेग काढावा.

सेन्सर 24 व्होल्टचा आणि कार्डाचे इनपुट 5 व्होल्टचे असेल, तर मध्ये ऑप्टोकपलर (दोन सर्किटे विद्युतदृष्ट्या वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा घटक) हवाच. मोटरच्या ड्राइव्हमुळे खोट्या पल्स येत असल्यास शील्ड असलेली केबल वापरावी आणि काउंटरचा डिजिटल फिल्टर (फार छोट्या पल्स गाळणारा) चालू करावा.

टॉर्क आणि वेग एकाच आलेखावर हवे असतील, तर दोन कार्डांना आपापल्या क्लॉकवर सोडू नये. प्रत्येकाची अचूकता 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग) धरली, तरी विरुद्ध दिशांनी सरकल्यास तासाभरात 0.36 सेकंदांपर्यंत अंतर पडू शकते. टॉर्क मोजणाऱ्या ॲनालॉग इनपुटचा सॅम्पल क्लॉक (प्रत्येक वाचन कधी घ्यायचे ते ठरवणारा) काउंटरलाही द्यावा आणि प्रोग्रॅममधले काउंटरचे टास्क (मोजण्याचे काम) आधी सुरू करावे; क्रम उलटला, तर सुरुवातीचे क्लॉक पल्स काउंटरच्या हातून निसटतात आणि वेगाचा आलेख टॉर्कच्या तुलनेत तेवढ्या सॅम्पलनी सरकलेला राहतो.