चाळीस पाइंट बिटर: किट परवडते की सुटे धान्य?

ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवायची तर पूर्वी परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली, आणि तेव्हापासून विक्री न करता घरच्यासाठी बनवलेल्या बिअरला परवानाही लागत नाही आणि करही द्यावा लागत नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, म्हणून पुढील मजकूर इथे, ब्रिटनमध्ये, राहणाऱ्यांसाठी आहे. किमती साधारण आहेत. दुकानागणिक त्या थोड्या मागेपुढे होतात.

किटमध्ये काय असते हे कळले की त्याच्या किमतीचा उलगडा होतो. बार्लीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजली की तिचे माल्ट होते. नाचणीचे सत्त्व करताना जो खटाटोप आपल्या घरांत चाले, त्याच्याच जवळचा हा प्रकार. हे माल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवले की त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. किटच्या डब्यात हेच वर्ट, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा त्यात उतरवून, काकवीइतके घट्ट आटवलेले असते. किटमागे आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, ते या आटवण्याचे.

एका डब्याचे किट पंधरा पौंडांच्या आसपास मिळते, पण त्यात एक किलो साखर आपण घालायची असते आणि तिच्यामुळे बिअर पाणचट लागते. साखरेऐवजी किलोभर कोरडा माल्ट अर्क, म्हणजे वर्ट वाळवून केलेली पूड, घातला तर चव सुधारते, मात्र तो अर्कच दहा पौंडांचा असल्याने खर्च पंचवीसवर जातो. त्यापेक्षा सत्तावीस पौंडांचे दोन डब्यांचे किट सरळ घ्यावे, त्यात साखरेच्या जागी दुसरा डबाही वर्टचाच असतो. किट सोडून नुसत्या अर्कापासून बिअर करणे सर्वांत महाग पडते, कारण अडीच किलो अर्काचे पंचवीस पौंड, त्यावर हॉप्स आणि यीस्ट धरून बेरीज चौतीसपर्यंत पोहोचते. सुटे साहित्य म्हणजे स्वस्त, हा समज इथे फसतो.

आता धान्यापासून. २३ लिटर, म्हणजे चाळीस पाइंट, साध्या बिटरसाठी, म्हणजे कडसर इंग्लिश बिअरसाठी, भरडलेले मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचे माल्ट ४ किलो, रंग-चवीसाठी जास्त भाजलेले क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ६५ ग्रॅम आणि इंग्लिश एल यीस्टचे एक पाकीट लागते. पुष्कळ पाककृतींत फगल्स व गोल्डिंग्ज अशा दोन जाती सांगतात, परंतु मग शंभर ग्रॅमची दोन पाकिटे घ्यावी लागतात आणि अर्धेअधिक पडून राहते. मीही तसे घेतले होते, आणि उघडे पाकीट कपाटात ठेवल्यावर काही महिन्यांनी त्याला जुन्या चीजचा वास येऊ लागला. तेव्हा पहिल्यांदा एकच जात घ्यावी आणि उरलेले हॉप्स हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवावेत.

चाळीस लिटरच्या विजेच्या बॉयलरमध्ये ३१ लिटर पाणी ६९ अंशांपर्यंत तापवून त्यात जाळीची पिशवी बसवावी आणि माल्ट थोडे थोडे सोडत, गुठळ्या मोडत ढवळावे. तापमान ६६ वर स्थिरावते. झाकण ठेवून वर जुनी गोधडी गुंडाळली की तासभर फारसे उतरत नाही. मग पिशवी उचलून निथळू द्यावी आणि वर्टला उकळी आणावी. पहिला फेस दुधासारखा क्षणात उतू जातो, म्हणून तेवढा वेळ तिथून हलू नये. फेस बसल्यावर ४० ग्रॅम हॉप्स घालून तासभर उकळावे आणि शेवटच्या दहा मिनिटांत उरलेले २५ ग्रॅम घालावेत. वीस अंशांपर्यंत लवकर थंड करून, जंतुनाशकाने धुतलेल्या बादलीत ओतून यीस्ट टाकावे. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.०४० दाखवतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत १.०१०वर येतो; म्हणजे मद्यार्क चार टक्क्यांच्या जवळ. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भराव्यात, नाहीतर काच फुटण्याचा खरा धोका असतो. भरताना एकूण नव्वद ग्रॅम साखर पुरते.

हिशेब असा: माल्टचे अकरा पौंड, हॉप्सचे पाच, यीस्टचे चार आणि विजेचे सुमारे दोन, मिळून बावीस. विजेला कोणी धरत नाही, पण एवढे पाणी तापवून तासभर उकळत ठेवायला सहा-सात युनिट जातात. किटच्या सत्तावीसपुढे बचत पाच पौंडांची, आणि बॉयलर शंभर पौंडांचा. तो वसूल व्हायला वीस वेळा बिअर करावी लागेल.

खरी बचत माल्ट पोत्याने घेतल्यावर होते. पंचवीस किलोचे पोते चाळीस पौंडांना मिळाले तर चार किलोला साडेसहा पौंड पडतात, आणि एका पोत्यात सहा वेळा बिअर होते. भरडलेले माल्ट काही महिन्यांत शिळे होते, म्हणून वर्षातून दोन-तीनदाच करणाऱ्याने पोत्याच्या नादी लागू नये. त्याला किटच बरे. नियमित करणाऱ्याने मात्र बादलीच्या तळाचा यीस्टचा गाळ टाकू नये. त्यातला पाव लिटर निर्जंतुक बरणीत, झाकण सैल ठेवून, फ्रीजमध्ये ठेवला आणि दोन आठवड्यांच्या आत पुढच्या वर्टमध्ये घातला तर यीस्टचे चार पौंड वाचतात, आणि चाळीस पाइंटांचा खर्च तेरा-चौदा पौंडांवर येतो.