लोच पाळताय? ‘जोडी’ आणणं ही पहिली चूक

आपल्याकडे माशांच्या दुकानात भाव जोडीचा सांगतात. गप्पी, मॉली घेताना ते खपून जातं, पण लोच या तळाशी वावरणाऱ्या, गोगलगाई खाणाऱ्या माशाच्या बाबतीत घोळ इथूनच सुरू होतो. टाकीत गोगलगाई वाढल्या की कुणीतरी लोच टाकायला सांगतं आणि आपण पिशवीत दोन बांधून आणतो. मीही आणले होते, यो-यो जातीचे लोच. मोठ्याने धाकट्याला महिनाभर फिल्टरमागून हलू दिलं नाही. मासाच मारका निघाला, असं मी धरून चाललो.

मासा मारका नव्हता. लोच टोळीने राहतो आणि टोळीत मोठेपणा कुणाचा, हे रोज थोड्या ढकलाढकलीतून ठरतं. दोघंच असतील तर सगळा मार एकाच्या वाट्याला येतो. पाच-सहा असले की तो वाटला जातो. मी दगड-लाकडं हलवून, जुन्या जागा मोडून आणखी चार सोडले आणि आठवडाभरात दंगा ओसरला. मात्र सगळे एकाच जातीचे हवेत. एक क्लाऊन, एक यो-यो, एक झेब्रा अशी मिसळ केली तर ती टोळी होत नाही.

झेब्रा लोच तर आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांचा. निसर्गात तो आता धोक्यात आहे, म्हणून सहा नीट सांभाळता येणार नसतील तर एकही घेऊ नये, असं माझं मत.

दुसरा घोळ म्हणजे नसता आजार शोधणं. क्लाऊन लोच कुशीवर, कधी चक्क उताणा पडून झोपतो. दोन मोठे भिडले की त्यांचे काळे पट्टे राखाडी पडतात, भांडण मिटलं की रंग परततो. टकटक आवाज आला तर तोही त्यांचाच. यातल्या कशालाही औषध लागत नाही. काळजी करावी ती खाण्याला न येणाऱ्या, पोट खपाटीला गेलेल्या, सतत एकट्या राहणाऱ्या माशाची. आधी पाणी तपासा, मग टोळीत किती आहेत ते मोजा.

सोबतीला एंजल किंवा फायटर नको. संथ माशांचे लांब पर कुरतडले जातात. रेड-टेल शार्क नावाचा टाकीतला छोटा मासाही तळाच्या जागेवर हक्क सांगतो, त्यामुळे तोही नको. बार्ब, रासबोरा चालतात. स्कंक लोच दिसतो छोटा, पण स्वभावाने खाष्ट. गरीब कुली लोचला वेगळी टाकी, बारीक वाळू द्या आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर तो आत शिरतो.

दोन इंची क्लाऊन बघून दोन फुटी टाकी घेऊ नका. तो फूटभर वाढतो, वीस वर्षंही जगतो. चार फुटी टाकी म्हणजे त्याचं फक्त बालपण. लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त ठेवा. पीव्हीसी पाइपचे तुकडे झकास चालतात.

आणि पकडताना जाळी टाळा. डोळ्याखालचा काटा उघडून जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, लोचला हळूच आत वळवा.