जुनी पिकअप घरी दुरुस्त करताना: आज झाकता येईल तेवढाच गंज आज उघडा

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिकअप आधी पत्र्याने खचते, इंजिन नंतर. मासळीच्या क्रेटमधलं खारं पाणी हौद्यातून झिरपतं आणि चासीच्या सांध्यांत मुरतं. मी घेतलेली महिंद्रा बरीच वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरावर राबलेली होती. डिझेल फिल्टर बदलून हवा काढली आणि इंजिन लागलं. पण ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालची जमीन दिसत होती.

इंजिन, वायरिंग, सीट ही कामं सवडीने, जमेल त्या क्रमाने करा. ब्रेकमध्ये मात्र चारही चाकांच्या सिलिंडरचे रबर आणि सगळं ब्रेक ऑइल नवं घाला. तोवर गाडी गल्लीतसुद्धा फिरवायची नाही.

आता पत्रा. सगळा गंज एका रविवारात घासून काढा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याला सोमवारी मुलांना शाळेत सोडायचंय, गॅसचा नंबर लावायचाय आणि आईला तपासणीला न्यायचंय, त्याने हा सल्ला ऐकू नये. मी ऐकला. जूनमध्ये केबिनचा अख्खा तळ ग्राइंडरने पांढरा केला आणि पुढचे तीन दिवस घरच्या कामांत गेले. बुधवारी ताडपत्री काढली तर तळावर नारिंगी साय धरली होती. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: एका वेळी वीतभर पत्रा. कापायचा, जोडायचा, प्रायमर मारायचा आणि मगच हात धुवायचे.

सुरुवात पाण्याने करा, ग्राइंडरने नको. गंजाच्या खड्ड्यांत मीठ असतं, ते घासून जात नाही. गोड्या पाण्याने दोनदा जोराने धुवा, वायर ब्रश मारा, उन्हात वाळवा. आधी एक छोटा तुकडा घासून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी त्यावर बारीक लाल ठिपके उठले तर मीठ शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापा, पाव इंचाचीही दया दाखवू नका. नवा तुकडा भोकात बरोबर बसेल असा कापा. जुन्या पत्र्यावर नवा चढवून जोडणं सोपं असतं, म्हणून बरेच जण तेच करतात. पण त्या दोन थरांमधल्या फटीत पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत तिथेच पुन्हा भोक पडतं.

तळासाठी १८ गेजचा सीआरसी (साधा, जस्ताचा मुलामा नसलेला) पत्रा घ्या. लवकर गंजत नाही म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायचा मोह होतो. तो वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. साध्या रॉडच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात, सीओटू वेल्डिंगच (गॅसच्या आडोशात तार वितळवून जोडणारं) हवं. मशीन भाड्याने आणा किंवा वेल्डरला घरी बोलवा. आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, सीट बाहेर काढा, डिझेलचा पाइप आणि टाकी जवळ असेल तर उतरवा. पाण्याची बादली घेऊन एक माणूस गाडीखाली बघत उभा हवा. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. एक टाका इकडे, दुसरा समोरच्या बाजूला, हात लावण्याइतका गार झाला की पुढचा. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो आणि परत बसत नाही. चासीला तडा दिसला तर घरी हात लावू नका, ते काम चासीच्या कारागिराकडेच न्या.

जोड घासला, थिनरने पुसला, की लगेच इपॉक्सी प्रायमर. पुसलेल्या जागी उघडा हात लावायचा नाही, घामातही मीठ असतं. पहिला हात मारून दळण आणायला जा, आल्यावर दुसरा मारा. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, त्यानंतरच. उघड्या पत्र्यावर भरलेली लांबी पाणी पिते. एका पेंटरने माझ्या दाराला तशी भरली होती, वर्षभरात फोड आले आणि नखाने ढलपी निघाली.

दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, बुजवू नका. चासीवर जळकं ऑइल मारायला सांगतील, ऐकू नका, त्याने सस्पेन्शनच्या बुशांचं रबर फुगतं.

रंग सोपा आहे. पण गाडीचा रंगच बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद लागते. मालवाहू गाडी ८ वर्षांपुढची असेल तर फिटनेस दरवर्षी आहेच.

पहिला मोठा पाऊस पडला की मॅट उचलून क्लचच्या पेडलखालचा कोपरा हाताने चाचपा. ओल लागली तर पाणी बहुतेक वरून, पुढच्या काचेच्या रबरातून येतंय. तळ पहिल्यांदा सडला तोही बहुधा त्याच पाण्याने. रबर नवा बसेपर्यंत मॅट परत टाकू नका.